साडू म्हणतात, किनारा सपाट असतो

पत्र असं आहे:

"ताई, नमस्कार. वय ४७, राहणार गोडोली, सातारा. चार वर्षं नियमित सायकल चालवतो. आठवड्यातून दोनदा यवतेश्वर, महिन्यातून एकदा कास. दसऱ्याला जुनीच, पण चांगली ग्रॅव्हल (कच्च्या रस्त्यांवर चालणारी) सायकल घेतली, टायर ४० मिलिमीटरचे आहेत. माझे साडू सांगलीला विश्रामबागेत असतात. त्यांची कार्बनची रोड सायकल आहे, टायर २५ चे. त्यांनी डिसेंबरचा बेत आखलाय: साताऱ्याहून बाणकोट आणि तिथून किनाऱ्याकिनाऱ्याने मालवण, सहा दिवसांत. रोज शंभराच्या खाली यायचं नाही. ते म्हणतात, किनारा सपाट असतो, एकदा घाट उतरलं की पुढे पंख्याखाली बसल्यासारखं. मला मात्र कच्च्या रस्त्यांनी, पुळणींवरून, खाड्या बघत जायचंय. रोज किती अंतर ठेवावं? त्यांची सायकल चालेल का? वाळूवरून सायकल नेता येते का? आणि हे त्यांना सांगू कसं? ते थोरले साडू. दोघी बहिणींचं रोज रात्री फोनवर बोलणं होतं, मी एक शब्द वाकडा बोललो की सकाळी माझ्या चहात साखर नसते."

गोडोलीकर, नमस्कार.

आधी तुमच्या साडूंची बाजू घेते. सांगलीत राहणाऱ्या माणसाला पाण्याकाठचा रस्ता सपाट वाटणारच. कृष्णेच्या काठाने हरिपूरला जा, औदुंबरला जा, नाहीतर नरसोबाच्या वाडीला. पूल सोडला तर चढ म्हणून लागत नाही. त्यांनी नदीकाठ पाहिलाय आणि त्यावरून समुद्रकाठ ताडलाय. चूक एवढीच आहे, पण ती पहिल्याच दिवशी मांड्यांना कळेल.

कासचा सडा, म्हणजे ते खडकाळ पठार, तुम्ही महिन्यातून एकदा बघता. तसाच जांभ्याचा सडा कोकणात समुद्रापर्यंत जातो आणि तिथे कड्यासारखा तुटतो, फक्त उंची कमी. सह्याद्रीतून निघालेल्या नद्यांनी हा सडा जागोजागी चिरलाय आणि त्या चिरांमध्ये समुद्राचं पाणी आत शिरलंय, त्याच खाड्या. गावं खाली, खाडीच्या तोंडाशी, नारळी-पोफळीत. रस्ता गावातून निघाला की आधी सड्यावर चढतो, दोन-चार किलोमीटर मोकळ्या माळावरून जातो आणि पुढच्या खाडीसाठी पुन्हा समुद्राच्या पातळीला उतरतो. चढ शंभर-दीडशे मीटरांचेच, पण आखूड आणि उभे. आपला घाट वळणं घेत, तुमची समजूत काढत वर नेतो. तिथला रस्ता जुन्या पाखाडीवर, म्हणजे पायऱ्यांच्या वाटेवर, डांबर ओतल्यासारखा सरळ वर जातो. दिवसात असे पाच-सहा चढ झाले की साठ-सत्तर किलोमीटरांत आठशे-हजार मीटर चढाई सहज भरते. साताऱ्याहून कासला जाताना तुम्ही साधारण पाचशे मीटर चढता. म्हणजे रोज दोनदा कास, तेही दमट हवेत, पाठीवर सामान घेऊन.

म्हणून पहिल्या प्रश्नाचं उत्तर: किनाऱ्यावर दिवसाला ४५ ते ६०. त्याहून जास्त ठेवलं तर तुम्ही कोकण बघणार नाही, कोकणातला डांबरी रस्ता बघाल.

पण अंतर ही तिथली खरी अडचण नाही. खरी अडचण घड्याळाची आहे, आणि तीही दोन घड्याळांची: एक फेरीबोटीचं, एक भरतीचं.

नकाशात दाभोळ आणि पलीकडचं धोपावे ही बोटावर मावतील इतकी जवळ दिसतात. मध्ये वाशिष्ठीची खाडी. जंगलजेटीने, म्हणजे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीने, सायकल घेऊन पलीकडे जायला थोडी मिनिटं लागतात. बोट चुकली तर खेड, चिपळूण, गुहागर असा वळसा, शंभराच्या वर किलोमीटर. बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड या फेऱ्यांवर तुमचा सगळा दिवस टांगलेला असतो. शेवटची बोट किती वाजता, हे आदल्या संध्याकाळी मुक्कामाच्या गावात विचारा, आणि मग जेटीवर जो तिकीट फाडतो त्याला पुन्हा विचारा. मी हे एकदा विचारलं नाही. हेदवीहून निघाले, सड्यावर एक लाल मातीची सुंदर वाट दिसली, त्या वाटेच्या मागे लागले, आणि तवसाळच्या जेटीवर पोचले तेव्हा बोट पलीकडच्या दिव्यांत बारीक होत चालली होती. एका घरातल्या आजींनी पडवीत झोपायला जागा दिली, पेज दिली, आणि सकाळी निघताना "नवऱ्याला माहितीये का, तू कुठे फिरत्येस ते?" असं विचारलं. माहीत होतं. पण ते त्यांना पटलं नाही.

आता भरतीचं. यासाठी मोबाइलवर आयते तक्ते मिळतात, ते घ्याच. पण कोळ्यांचा जुना हिशेब तोंडपाठ असू दे, कारण खाडीच्या कोपऱ्यात रेंज नसते. तिथीची पाऊणपट करा, तो आकडा म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, तीन वाजता भरती. सहा तास आधी आणि सहा तास नंतर ओहोटी. जागेप्रमाणे तासभर इकडेतिकडे होतं, पण ढोबळ अंदाजाला पुरतं. रोज ही वेळ सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, पाणी खूप आत येतं आणि खूप बाहेर जातं. अष्टमीच्या सुमारास भांग, तेव्हा दोन्ही बेताचं.

आता हा हिशेब तुमच्या बेताला लावून बघा. डिसेंबरात दत्तजयंती येते, मार्गशीर्ष पौर्णिमा. साडूंना औदुंबरचं दर्शन चुकवायचं नसेलच. दर्शन झालं की दुसऱ्या दिवशी सायकलीवर बसा. तुम्ही किनाऱ्याला लागेपर्यंत तिथी तृतीयेच्या आसपास आलेली असेल. तीनची पाऊणपट सव्वादोन, म्हणजे सकाळी आठच्या सुमारास ओहोटी. पुळण रुंद आणि घट्ट, ऊन कोवळं, आणि तिथी लवकर आली असेल तर नाताळची गर्दी अजून पुण्या-मुंबईतच. याहून चांगला आठवडा मला तरी सुचत नाही.

रस्त्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगते, कारण मालवणचा हट्ट सोडलात तर तुमच्या घरापासूनच एक फार सुरेख वर्तुळ तयार होतं. साताऱ्याहून मेढामार्गे महाबळेश्वर, साधारण ५५ किलोमीटर. पंचगंगेच्या देवळात ज्या पाच नद्यांची नावं सांगतात, त्यातली कृष्णा तुमच्या साडूंच्या गावाला जाते आणि सावित्री पश्चिमेला उतरते. तुम्ही सावित्रीच्या बाजूने उतरा. आंबेनळी घाटाने प्रतापगडाला डावलून पोलादपूर, आणखी ४० किलोमीटर, तिथे मुक्काम. दुसऱ्या दिवशी महाड, म्हाप्रळ, आणि तिथून खाडीच्या काठाकाठाने बाणकोट. महाबळेश्वरला ओंजळीत मावणारी सावित्री बाणकोटला इतकी रुंद झालेली असते की पलीकडची माणसं ओळखू येत नाहीत. दोन दिवस एकाच नदीसोबत उतरायला मिळणं, हे सातारकरांचं भाग्य आहे.

बाणकोटशेजारी वेळास. हे नाना फडणवीसांच्या घराण्याचं मूळ गाव. नाना स्वतः १७४२ मध्ये साताऱ्यात जन्मले आणि त्यांचा वाडा वाईजवळ मेणवलीला. खाडीपलीकडे श्रीवर्धन, बाळाजी विश्वनाथांचं गाव, ज्यांना शाहू महाराजांनी १७१३ मध्ये पेशवाई दिली. ही मंडळी घाट चढून आपल्याकडे आली, तुम्ही उलट चालला आहात. (साडूंना इतिहास सांगत बसू नका, ते घड्याळ बघायला लागतील.)

वेळासहून पुढे भारजेच्या खाडीला वळसा घालत केळशी, मग आडे, आंजर्ले. आंजर्ल्याला जोग नदीवर आता पूल आहे, पूर्वी होडीशिवाय गत्यंतर नव्हतं. कड्यावरच्या गणपतीचा चढ करायचाच असेल तर सामान खाली ठेवून करा. हर्णैला संध्याकाळी मासळीचा लिलाव चालतो, तो बघायला तास राखून ठेवा आणि सायकल लांब लावा, नाहीतर कोळंबीचं पाणी साखळीत जातं. मग मुरूड, कर्दे, लाडघर, कोळथरे करत दाभोळ. हा तुकडा मला सगळ्यात आवडतो. डांबरी रस्ता आत दापोलीकडे वळायला बघतो आणि तुम्ही गावच्या वाटांनी समुद्र धरून राहता, एकीकडे गडगे, दुसरीकडे सुरूचं बन. इथे गुगलवर फार विसंबू नका. त्याला पाखाडी आणि रस्ता यातला फरक कळत नाही. बरा रस्ता म्हणून तो तुम्हाला जांभ्याच्या शंभर पायऱ्यांच्या तोंडाशी नेऊन उभा करतो. कुणी भेटलं तर विचारा, "टू-व्हीलर जाते का?" त्या एका प्रश्नाने माझे अनेक तास वाचलेत.

दाभोळला बोटीत चढलात की एकदा पाण्याकडे बघा. कोयनेचं पाणी शिवसागर जलाशयातून डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांतून पोफळीला येतं, वीज तयार करतं आणि वाशिष्ठीत सोडलं जातं. १९९९ मध्ये शिवसागराच्या तळाला भोक पाडून, लेक टॅपिंग करून, चौथ्या टप्प्यासाठी पाणी घेतलं, तेव्हाच्या बातम्या तुम्हाला आठवत असतील. जे पाणी एरवी कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळून साडूंच्या सांगलीवरून गेलं असतं, त्यातलंच काही तुमच्या बोटीखालून अरबी समुद्राला जातंय.

पलीकडे गुहागर. इथे दोन रात्री राहा. मधल्या दिवशी सामान खोलीवर ठेवून वेळणेश्वर, हेदवी करून परत या. हेदवीच्या बामणघळीला भरतीच्या वेळी पोचा, ओहोटीत ती नुसती खडकातली भेग दिसते. पाणी मात्र लांबूनच बघा, ते खडक निसरडे असतात. या बाजूच्या सड्यांवर खरी ग्रॅव्हल सायकल चालवायला मिळते: जांभ्याचा भुगा, पिवळं गवत, आणि खाली समुद्र. सड्यावर कुठे दगडात कोरलेल्या आकृती दिसल्या तर सायकल उचलून बाजूने न्या. रत्नागिरीकडच्या सड्यांवर अशी कातळशिल्पं बरीच आहेत आणि चाकाचा ओरखडा त्यांना बरा नाही.

मग गुहागर-विजापूर रस्त्याने चिपळूण, कुंभार्ली घाट चढून कोयनानगर, पाटण करत परत सातारा. कुंभार्लीत ट्रक असतात, सकाळी लवकर चढा, मागे लाल दिवा लावा. वर्तुळ चारशे किलोमीटरच्या वर जातं आणि त्याला आठ दिवस द्या. परतीचा घाट नको असेल तर चिपळूणहून एसटी आहे, पण टपावर सायकल घेतील की नाही हे गाडीवर आणि वाहकाच्या मूडवर असतं, तेव्हा टेम्पोचा पर्याय मनात असू द्या.

वाळूवरून सायकल नेता येते का? येते, आणि नेऊच नये असंही आहे. ओहोटीला पाण्यालगतची ओली पट्टी रस्त्यासारखी घट्ट असते. तुमच्या ४० च्या टायरमध्ये एरवी ३५ ते ४० पीएसआय हवा ठेवत असाल तर तिथे २५ पर्यंत उतरवा. कोरड्या वाळूत मात्र चाक रुततंच, तिथे हट्ट करू नका. ओहोटी पूर्ण होण्याच्या तासभर आधी सुरू करा, म्हणजे परतताना पाणी तुमच्या मागे लागलेलं नसतं. खाडीच्या तोंडाशी पाणी गुडघाभर दिसलं तरी चालत ओलांडायचं नाही, कधीच नाही. तिथे ओढ असते, तळ रोज बदलतो, आणि कांदळवनाकडे गेलात तर चिखल पिंढरीपर्यंत धरतो.

आणि कासवं. नोव्हेंबर ते मार्च ऑलिव्ह रिडले मादी याच पुळणींवर अंडी घालायला येते. वेळासला २००२ पासून गावकऱ्यांना बरोबर घेऊन चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने ती घरटी राखायला सुरुवात केली, आणि आता किनारपट्टीच्या कितीतरी गावांत हे काम चालतं. म्हणून अंधारात पुळणीवर सायकल नाही, आणि भरतीच्या रेषेच्या वर, कोरड्या वाळूत, दिवसाही नाही. वेळासला तर सायकल गावातच लावून चालत जा.

वाळूची मजा फुकट नसते. पहिल्या वर्षी मी गुहागरच्या पुळणीवर मनसोक्त सायकल फिरवली आणि रात्री कौतुकाने तशीच भिंतीला टेकवली. महिन्याभरात क्रँकमधून जात्यासारखा आवाज यायला लागला. साताऱ्यातल्या सायकलवाल्या पोराने बीबी, म्हणजे क्रँकच्या मधली बेअरिंग, उघडली, आत गंजाचा चहा झाला होता. तो काही बोलला नाही, नुसता माझ्याकडे बघत राहिला. तेव्हापासून रोज मुक्कामावर पोचले की आधी विहिरीच्या गोड्या पाण्याची बादली, तांब्याने हळू पाणी, फडकं, साखळीला तेल, मग माझी आंघोळ. पाइपचा जोराचा फवारा बेअरिंगवर मारायचा नाही, त्याने मीठ आत जातं.

आता साडूंची सायकल. २५ चे टायर डांबरावर चालतील, पण तुम्हाला जे बघायचंय तिथे नाही. त्यांच्या फ्रेममध्ये ३२ चा टायर बसतो का ते आधी तपासा. बसला तर गावरस्त्यांपुरतं भागेल. त्याहून मोठा प्रश्न गिअरचा. रोड सायकलीला मागे २८ दात असतील तर त्या उभ्या चढांवर ते उभे राहून पाय मारतील आणि तिसऱ्या दिवशी गुडघा धरून बसतील. मागे किमान ३४ हवेत, तुमच्या सायकलीवर पुढचे आणि मागचे दात सारखे होतील इतका हलका गिअर असेल तर उत्तम. सरळ सांगायचं तर कुणाची तरी साधी एमटीबी (माउंटन बाइक) मागून आणली तर ते जास्त सुखी होतील, पण कार्बनवाल्याला हे पटवणं माझ्या सदराच्या कक्षेबाहेर आहे. ब्रेक पॅडचा एक जोड जास्तीचा घ्या दोघांनीही, आंबेनळीचा उतार आणि जांभ्याची लाल धूळ मिळून पॅड लवकर खातात.

ऊन डिसेंबरातही लागतं. साताऱ्याच्या कोरड्या हवेत घाम वाळतो, तिथे तो नुसता गळतो आणि अंग थंड होत नाही. सहाला निघा, अकराला थांबा, साडेतीनला पुन्हा निघा. मधल्या वेळात कोकम सरबत, शहाळं, मीठ घातलेली पेज. बीअर संध्याकाळी.

राहता राहिलं सांगायचं कसं. त्यांना "तुमचं चुकलं" म्हणू नका, आणि "मला जमणार नाही" असंही म्हणू नका. ते ऐकून थोरले साडू आणखी थोरले होतात. ज्या माणसाला आकड्यांचा नाद आहे त्याला दुसरा आकडा द्यावा. किलोमीटर जिथे दिसतात, त्याच स्क्रीनवर चढाईचे मीटरही दिसतात. म्हणा, "दादा, आपण रोज हजार मीटर चढाई करायची, खाली यायचं नाही." ऐकायला शंभर किलोमीटरपेक्षा भारी वाटतं, आणि अंतर आपोआप साठवर येतं. भरतीचा आणि बोटींचा तक्ता करायचं कामही त्यांनाच द्या. मग जेटीवर वेळेत पोचण्यासाठी ते तुम्हाला घाई करतील, पण निदान योग्य कारणासाठी करतील.

तरी पटलं नाही, तर नोव्हेंबरात एका रविवारी दोघांना, म्हणजे त्यांना आणि मेहुणीला, जेवायला बोलवा. सायकल घेऊन या म्हणावं. सकाळी गोडोलीतून निघून त्यांना अजिंक्यताऱ्यावर न्या, खाली उतरवा, आणि लगेच पुन्हा वर न्या. दुसऱ्या खेपेला निम्म्यात ते पाणी प्यायला थांबतील. तेव्हा एवढंच म्हणा की वेळास ते हर्णै साधारण असंच आहे, फक्त वर गेल्यावर तारा नाही, समुद्र दिसतो. बहिणी वरच्या मजल्यावर चहा करत असतील, त्यांच्यासमोर विषय काढू नका.

खाऊ म्हणून तासगावचे बेदाणे अर्धा किलो आणि भडंग त्यांनाच आणायला सांगा. तुम्ही कंदी पेढे नेऊ नका, मी नेले होते. दापोलीच्या उन्हात डबा उघडला तेव्हा सगळ्यांचा मिळून एकच पेढा झाला होता.